जुन्या संगणकांतील फाइली नव्यांत कशा न्याव्या?

विद्यार्थिमित्रहो, कुर्डुवाडीच्या मुलांना रेल्वेविषयीं नवें कांहीं सांगावें असें फारसें उरलेलें नसतें. तरीही आजच्या विषयाला हात घालण्यापूर्वीं आम्ही रेल्वेचीच एक जुनी गोष्ट सांगणार आहों. कारण पुढील साऱ्या विवेचनाची किल्ली तिच्यांतच आहे.

इ. स. १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें ती उभारली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट होतें. मुंबईकडून सोलापूरकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाच्या रुळांमधील अंतर मात्र साडेपांच फूट. अर्थात् एका मार्गाची वाघीण दुसऱ्या मार्गावर चालणें अशक्य होतें. १९०६ मध्यें हा लहान मार्ग पंढरपुरापर्यंत, १९११ मध्यें लातुरापर्यंत आणि १९२७ मध्यें मिरजेपर्यंत पोंचला. परंतु रुळांची रुंदी तीच राहिली. त्यामुळें लातूर-बार्शीकडून मुंबईस जाणारें धान्याचें प्रत्येक पोतें आणि कापसाची प्रत्येक गांठ कुर्डुवाडीस लहान वाघिणींतून उतरवून मोठ्या वाघिणींत पुनः भरावी लागे. या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत ते रूळ टप्प्याटप्प्यानें रुंद झाले, आणि मालाची ती अदलाबदल इतिहासजमा झाली.

आमचे वडील येथील मालधक्क्यावर कारकून होते. माल उतरतांना एकदां मोजावा, भरतांना दुसऱ्यांदा मोजावा, आणि दोन्ही आंकडे जुळल्यावांचून कागदावर सही करूं नये, हा त्यांचा नियम होता. निवृत्त झाल्यावर २००४ सालीं त्यांनीं घरीं एक संगणक घेतला, एका बोटानें मराठी टंकलेखन शिकले, आणि मालधक्क्यावरील आपल्या आठवणी त्यांत लिहून ठेवूं लागले. २०१२ मध्यें ते निवर्तले. संगणकावर आईनें पांढरें फडकें घातलें, आणि सालांतून दोन-तीनदां तो चालू करून पाहण्यापलीकडे आम्हीं त्यास हात लावला नाहीं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत घरीं नवा संगणक आला. जुन्यांत विंडोज एक्सपी ही प्रणाली होती, आणि तिच्या कर्त्यांनीं ८ एप्रिल २०१४ पासून तिची देखभाल थांबविली आहे. (आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असलेल्या विंडोज १० चीही नित्याची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, म्हणून हा विषय केवळ आमच्या घरचा नव्हे.) फाइली हलविण्यासाठीं आम्हीं एका दुकानांतील तरुणाला बोलाविलें. तासाभरानें तो म्हणाला, "सर, सगळ्या फाइली नव्या मशीनमध्यें आल्यात. जुनी डिस्क आतां पुसून टाकूं का?" फाइली आम्हीं मोजल्या: जुन्यांत ११२, नव्यांतही ११२. हिशेब चोख होता. तरीही वडिलांची संवय आठवून आम्ही म्हणालों, "जरा थांबा, एक उघडून पाहूं." पहिली फाइल उघडली, आणि पडद्यावर मराठीचें एकही अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, कंस व तऱ्हेतऱ्हेचीं चिन्हें यांचा नुसता कचरा! दुसरी उघडली, तिसरी उघडली. सर्वांची तीच अवस्था. आई शेजारीं उभी होती. तिनें एवढेंच विचारलें, "त्यांचें लिहिणें गेलें का रे?"

तें गेलें नव्हतें. परंतु त्या क्षणीं जुनी डिस्क पुसली गेली असती, तर तें परत मिळविणें फार कठीण झालें असतें. असें कां होतें आणि तें कसें टाळावें, हें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम फाइल म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें, चित्र ठाऊक नसतें, गाणेंही ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतात ते केवळ अंक, आणि तेही शून्य व एक या दोनच चिन्हांनीं लिहिलेले. अशा आठ चिन्हांचा एक गट म्हणजे एक बाइट. एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतचा कोणताही अंक मावतो. फाइल म्हणजे अशा अंकांची एक लांबलचक ओळ व तिला दिलेलें एक नांव. ही ओळ एका यंत्रांतून दुसऱ्यांत जशीच्या तशी उतरविणें, हा झाला स्थलांतराचा पहिला भाग. त्या अंकांचा पूर्वींचाच अर्थ नव्या यंत्रानें लावणें, हा दुसरा. बहुतेक लोक पहिला भाग आटोपला कीं काम झालें असें समजतात, आणि तेथेंच फसतात.

पहिल्या भागासाठीं आधी वाहन ठरवावें लागतें. जुन्या काळीं फ्लॉपी असे, तिच्यांत १.४४ मेगाबाइट मावत. ४० गिगाबाइटांची भरलेली डिस्क फ्लॉप्यांनीं रिकामी करावयाची म्हटली, तर सुमारें अठ्ठावीस हजार फ्लॉप्या लागल्या असत्या! आज पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क हें सोयीचें वाहन होय. मात्र यंत्राच्या यूएसबी खांचेचा वेग पाहावा. पहिल्या पिढीच्या खांचेंतून सेकंदास फार तर १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट जातात. त्या हिशेबानें ४० गिगाबाइटांस सात तासांहून अधिक वेळ लागेल. दुसऱ्या पिढीचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे चाळीस पट. हे वेग कागदावरचे आहेत. प्रत्यक्षांत ते याहून कमीच पडतात. गणिताच्या तासाला हें उदाहरण करून पाहण्यासारखें आहे.

वाहनाची दुसरी एक अडचण लक्षांत असूं द्यावी. पेन ड्राइव्हवर जागा आंखण्याची जी पद्धत असते, तींत फॅट३२ नांवाची जुनी पद्धत अद्याप पुष्कळदां आढळते. तिच्यांत ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच फाइल ठेवतां येत नाहीं. लग्नाचें लांबलचक चित्रण अशा पेन ड्राइव्हवर चढत नाहीं, आणि जागा तर रिकामी दिसते; मग माणूस बुचकळ्यांत पडतो. अशा वेळीं एक्सफॅट अथवा एनटीएफएस या पद्धतीनें आंखलेला ड्राइव्ह घ्यावा. इंटरनेटच्या मार्गानें फाइली पाठविण्याचा मोह जुन्या यंत्राच्या बाबतींत टाळावा हें बरें. ज्या प्रणालीची देखभाल थांबली आहे तिचीं दारें उघडीं राहिलेलीं असतात, आणि तिचा ब्राउझर आजचीं संकेतस्थळें बहुधा उघडूंही शकत नाहीं.

जुना संगणक चालूच होत नसेल तर? घाबरूं नये. पुष्कळदां बिघाड दुसऱ्या भागांत असतो, आणि डिस्क धडधाकट असते. ती पेटींतून काढून, यूएसबीच्या जोडणीनें नव्या संगणकाला बाहेरून लावतां येते. जुन्या डिस्कला चाळीस कांट्यांची रुंद पट्टी असे, त्यानंतरच्या डिस्कला साटा नांवाची अरुंद जोडणी आली. येथेंही रुळांची रुंदी निराळी! म्हणून जोडणी विकत घेतांना आपली डिस्क कोणत्या प्रकारची आहे तें पाहावें. घरगुती संगणकांतील साडेतीन इंची डिस्कला यूएसबीमधून मिळणारी वीज पुरत नाहीं; तिला वेगळा वीजपुरवठा असलेली जोडणीच लागते. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र ती वारंवार चालू करूं नये. जाणत्याच्या हातीं द्यावी.

आतां काय न्यावयाचें, याची यादी कागदावर करावी. 'माय डॉक्युमेंट्स' एवढेंच दप्तर नसतें. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली, डिस्कच्या दुसऱ्या भागांतील फोल्डर, छायाचित्रें, जुनीं ई-पत्रें आणि फॉन्टांचा फोल्डर, हीं सर्व पाहावीं. फॉन्टांचा फोल्डर कशासाठीं, तें पुढें कळेल. प्रोग्राम मात्र असे उचलून नेतां येत नाहींत. प्रोग्रामाचीं मुळें प्रणालींत ठिकठिकाणीं पसरलेलीं असतात. एक फोल्डर उचलणें म्हणजे झाड वरून कापून नेण्यासारखें आहे. ते नव्या यंत्रावर नव्यानेंच बसवावे लागतात.

न्यावयाची कृति करतांना 'कट' हा शब्द विसरावा आणि 'कॉपी' हाच लक्षांत ठेवावा. कट केल्यास मूळची फाइल जागेवरून निघते. वाटेंत वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह कोणीं ओढून काढला, तर कोणती फाइल कोठें राहिली याचा घोळ होतो. कॉपींत मूळ जागेवरच राहतें, आणि चूक झाली तरी पुनः आरंभ करतां येतो. कॉपी संपल्यावर दोन्हीकडील फोल्डरांचे गुणधर्म उघडून दोन आंकडे ताडून पाहावे: फाइलींची संख्या आणि एकूण बाइट. हे दोन्ही जुळले म्हणजे पोतीं मोजून झालीं. पेन ड्राइव्हला रजा दिल्यावरच तो काढावा, आणि नव्या यंत्रांत सर्वांवरून विषाणुशोधक फिरवावा.

परंतु पोतीं मोजलीं म्हणजे आंतला माल पाहिला असें नव्हे. आमच्या ११२ फाइलींचें जें झालें, तें समजण्यासाठीं दुसऱ्या भागाकडे वळूं.

संगणकाला अंकच कळतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक अंक नेमून द्यावा लागतो. इंग्रजीसाठीं हें काम पूर्वींच झालें. मोठ्या ए ला ६५, बी ला ६६, याप्रमाणें. मराठीला मात्र सामान्य संगणकांत बराच काळ असे सर्वमान्य अंक नव्हते. भारत सरकारच्या मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें इस्की नांवाचें मानक ठरविलें. तरी घरोघरीं व छापखान्यांत एक निराळीच युक्ति रूढ झाली. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांची पेटी. त्या पेटींत इंग्रजी अक्षराच्या खणांत मराठी अक्षराचें किंवा त्याच्या तुकड्याचें चित्र ठेवावयाचें, अशी ती युक्ति. फाइलींत अंक इंग्रजी अक्षराचाच जाई. पडद्यावर मात्र मराठी दिसे.

उदाहरण घेऊं. कृतिदेव या नांवाच्या प्रसिद्ध फॉन्टमध्यें 'भारत' हा शब्द लिहावयाचा झाल्यास फाइलींत मोठा एच, मग के, पुनः के, जे आणि आर अशीं पांच इंग्रजी अक्षरें जातात. एच च्या खणांत अर्धा भ आहे, के च्या खणांत काना आहे. अर्धा भ आणि काना मिळून पूर्ण भ, पुढचा काना मिळून भा, जे च्या खणांत र आणि आर च्या खणांत त. त्या पेटीवांचून ही फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोळा दिसेल. शिवाय प्रत्येक फॉन्टकर्त्यानें खण आपापल्या सोयीनें लावले. त्यामुळें एका पेटीची फाइल दुसऱ्या पेटीनें वाचतां येत नाहीं.

आमच्या वडिलांच्या फाइली ज्या पेटीनें वाचावयाच्या, ती पेटी जुन्या संगणकाच्या फॉन्टांच्या फोल्डरांत होती. फाइली आल्या, पेटी मागेंच राहिली. तरुणाची यांत लबाडी नव्हती. त्यानें पोतीं मोजलीं, एवढेंच. आम्हीं जुना संगणक पुनः सुरू केला, फाइलींत वापरलेल्या फॉन्टचें नांव वाचून घेतलें, त्या नांवाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, आणि नव्या संगणकांत बसविली. वडिलांचें लिहिणें क्षणांत उमटलें. आई खुर्ची ओढून समोर बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाहीं. (कांहीं जुन्या मराठी प्रोग्रामांना चालण्यासाठीं मागच्या बाजूस लावण्याची एक लहानशी चावी लागे, घरांत तशी कांहीं वस्तु असेल तर टाकून देऊं नये.)

तथापि येवढ्यावर थांबणें योग्य नव्हे. पुढील संगणकाच्या वेळीं पुनः हाच प्रसंग येणार, आणि तोंपर्यंत जुनी पेटी मिळेलच असें नाहीं. कायमचा उपाय युनिकोडचा. १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या या जागतिक मानकांत देवनागरीसाठीं १२८ स्वतंत्र जागा राखून ठेविल्या आहेत. त्यांत क चा अंक २३२५, भ चा २३४९, र चा २३५२. जगांतील कोणत्याही यंत्रावर तेच. 'भारत' लिहिला म्हणजे भ, काना, र व त असे चारच अंक फाइलींत जातात, आणि फॉन्ट बदलला तरी शब्द बदलत नाहीं. म्हणूनच आज मोबाइलवर लिहिलेलें मराठी पत्र कोठेंही वाचतां येतें, आणि त्यांतील शब्द शोधतांही येतो. जुन्या फॉन्टांतील फाइलींत 'कुर्डुवाडी' हा शब्द शोधूं गेलें तर तो सांपडत नाहीं, कारण तो तेथें नसतोच. असतात तीं इंग्रजी अक्षरें.

जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्यें रूपांतर करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत, आणि त्यांतील कांहीं फुकट आहेत. आपल्या फाइलींत जो फॉन्ट आहे, त्याच नांवाचें रूपांतर निवडावें. पण यंत्रावर अंधविश्वास ठेवूं नये. पहिली वेलांटी ही जुन्या पद्धतींत अक्षराच्या आधी लिहिली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर येते. रफाराचें याच्या उलट: तो दिसतो शेवटीं, उच्चार आधी, आणि युनिकोडमध्यें उच्चाराप्रमाणेंच लिहिला जातो. म्हणून रूपांतरांत चुका होतात त्या बहुधा पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरें आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील मराठीचा खास अर्धा र, या चार ठिकाणीं. तीं ठिकाणें मुद्दाम तपासावीं. तपासण्यासाठीं साक्षीदार हवा. यास्तव रूपांतरापूर्वींच जुन्या फॉन्टमध्यें दिसणाऱ्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ प्रत करून ठेवावी, किंवा ती कागदावर छापून घ्यावी.

आम्हीं हें काम आईबरोबर केलें. छापील पान तिच्या हातीं, पडदा आमच्यापुढें. ती मोठ्यानें वाची आणि आम्ही ताडून पाहूं. बाराव्या कीं तेराव्या फाइलीशीं एक शब्द अडला. छापील पानावरही तो अस्पष्ट उमटला होता, आणि रूपांतर तर हास्यास्पद झालें होतें. आई हंसली. तो मालधक्क्यावरच्या एका हमालाचा लाडका शब्द होता, आणि वडील जेवतांना त्याची नक्कल करीत असत. तो शब्द सुधारणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं.

आतां उरली जुनी डिस्क. ती भंगारवाल्यास देण्याची घाई करूं नये. नव्या यंत्रांतील प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून वाचली, आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं, शक्य तर दुसऱ्या घरीं ठेवली, म्हणजेच जुनी डिस्क मोकळी झाली असें समजावें. उलट, देण्यापूर्वीं ती नीट पुसणेंही आवश्यक आहे. आपण फाइल काढून टाकली म्हणजे नोंदवहींतील तिचें नांव तेवढें खोडलें जातें. अंक डिस्कवर तसेच असतात, आणि त्यांवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जाणता मनुष्य ते परत काढूं शकतो. बँकेचे कागद व ओळखपत्रें यांच्या प्रती अशा रीतीनें परक्या हातीं पडतात. म्हणून सर्व डिस्कवर नव्यानें अंक लिहून ती पुसणारा प्रोग्राम वापरावा. आमची डिस्क मात्र आम्हीं पुसली नाहीं. कापडांत गुंडाळून कपाटांत ठेविली आहे.

वडिलांच्या त्या आठवणींत आम्हांस पूर्वीं ठाऊक नसलेली एक हकीकत मिळाली. एका पावसाळी रात्रीं लहान गाडींतून आलेलीं पोतीं कागदावर ११० होतीं, आणि मोठ्या वाघिणींत भरलीं गेलीं १०९. गाडी सुटण्याची वेळ होत आली होती. साहेब घाई करीत होते, हमाल भिजले होते. वडिलांनीं सही केली नाहीं. कंदील घेऊन ते स्वतः रिकाम्या वाघिणींत चढले, आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत ओल्या ताडपत्रीखालीं तें एक पोतें सांपडलें. 'सही केली असती तर कोणीं विचारलेंही नसतें,' असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे.

मित्रहो, तुमच्याही घरीं एखादा जुना संगणक फडक्याखालीं असेल. आजोबांचीं पत्रें, आईच्या हिशेबाच्या वह्या, एखाद्या संस्थेचीं जुनीं इतिवृत्तें त्यांत जुन्या फॉन्टमध्यें पडलेलीं असतील. या दिवाळीच्या सुटींत तो उघडा. कॉपी करा, मोजा, आणि मग एकेक फाइल उघडून वाचा. वाचतांना घरांतील वडील माणसांस जवळ बसवून घ्या. काम अडलें, तर शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्हांस भेटा. जोडणी आणि पेन ड्राइव्ह आमच्याजवळ आहे.